अर्धा तोळा सहा गुंजा

दसऱ्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट, २०२३ च्या ऑक्टोबरातली. दुपारी जेवून जरा आडवी झाले होते, तेवढ्यात घंटी वाजली. दारात शेटांच्या दुकानातला पोरगा. एका हातात मिठाईचा छोटा डबा, दुसऱ्या हातात पांढरा लिफाफा. मला वाटले, दसऱ्याचे आमंत्रण असेल. हल्ली सोन्याची दुकानेसुद्धा लग्नपत्रिका वाटावी तशी आमंत्रणे वाटतात. डबा फ्रिजमध्ये ठेवला, लिफाफा फोडला, तर आत बिल.

'जुनी बाकी, डिसेंबर २०१०. सोने ११ ग्रॅम. दर ग्रॅमला ५,६५०. घडणावळ १२ टक्के. जीएसटी ३ टक्के. एकूण ७१,६९६ रुपये.'

मी ते दोनदा वाचले. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचले. तेरा वर्षांपूर्वीची बाकी, तीही मिठाईच्या डब्याबरोबर! डोके असे फिरले की काजूची ती मिठाई आठ दिवस कुणाला खाऊ दिली नाही.

हे शेट आमच्या घरचे. बाहेरच्या माणसाला शेट म्हटले की गादीवर लोडाला टेकून बसलेला व्यापारी दिसतो. आपल्याला गोव्यात शेट म्हटले की फुंकणी दिसते. आमच्या शेटांचे दुकान फोंड्याला, एका जुन्या घराच्या पुढच्या खोलीत. त्यांचे वडील माझ्या आजीच्या लग्नाचे दागिने करायला आमच्या सोप्यावर येऊन बसले होते, असे आई सांगायची. सोने घराबाहेर जाऊ द्यायचे नाही आणि सोनारावर अविश्वासही दाखवायचा नाही, यावर जुन्या लोकांनी काढलेला तो तोडगा. शेट सोप्यावर शेगडी मांडून बसायचे, घरातली एक म्हातारी तांदूळ निवडण्याचे निमित्त करून समोर बसायची. तांदळात खडे नसले तरी ती आठवडाभर निवडतच असायची.

आमच्या पिढीपर्यंत शेट घरी यायचे बंद झाले होते, आपण दुकानात जायचे. पण बाकीचा व्यवहार तसाच. आईने कधी बिल मागितले नाही, त्यांनी कधी दिले नाही. एक लांबट वही होती, कापडी पुठ्ठ्याची. तिच्यात ते लिहायचे, आणि आई घरी येऊन आपल्या वहीत लिहायची. चवथीच्या आधी जमेल तेवढे मिटवायचे. कधी पैसे, कधी नारळ विकून आलेली रक्कम, कधी सोन्याचाच एखादा तुकडा. त्या खात्याला आरंभ कधी झाला ते कुणालाच ठाऊक नव्हते.

२०१० च्या डिसेंबरात माझ्या मुलीचे लग्न झाले. त्या वेळी सोने दहा ग्रॅमला वीस हजारांच्या आसपास होते आणि आम्ही सगळे 'काय हा भाव!' म्हणून कपाळावर हात मारत होतो. आईने आपल्या जाड पाटल्या आणि एक तुटका हार काढून दिला. त्याची मोड करून नातीसाठी नव्या पाटल्या आणि चंद्रहार करायचा. मोड थोडी कमी पडली, शेटांनी आपल्याकडचे सोने घातले, लग्न वेळेवर लागले. बाकी राहिलेल्या सोन्याचे आईने बघितले असेल, असे मी धरून चालले. धरून चालले म्हणजे खरे सांगायचे तर विचारच केला नाही. लग्नघरात मंडपवाला, आचारी, भटजी, बसवाला असे इतके लोक रोज हात पुढे करून उभे असतात, की जो मागत नाही त्याला आपण फेडलेले आहे असे वाटू लागते.

२०१३ साली शेटांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. दुकान नावापुरते उघडे राहिले. त्यांचा एकुलता मुलगा शिपवर होता. २०२० साली बोटी बंद पडल्या तेव्हा तो घरी आला तो राहिलाच. त्याने पुढच्या खोलीला काच लावली, एसी बसवला, हिशेबाला एक मुलगी ठेवली, आणि कॉम्प्युटर आणला. हा मुलगा माझा विद्यार्थी. पाचवी ते सातवी मराठी मीच शिकवले त्याला. अजून मला 'बाई' म्हणतो. त्या दिवशीच्या बिलावरही माझ्या नावापुढे 'बाई' होते, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

ह्यांनी शांतपणे सांगितले, "आधी वकिलाला विचार, मग भांड." वकील म्हणजे माझी कॉलेजातली मैत्रीण, पणजीला वकिली करते. तिने बिल व्हॉट्सअॅपवर मागवून घेतले आणि पाच मिनिटांत फोन केला.

"काय्यच द्यायची गरज नाही तुला," ती म्हणाली. "मुदत तीन वर्षांची. १९६३ चा मुदतीचा कायदा. माल दिल्यापासून तीन वर्षांत दावा लावला नाही, तर कोर्ट दावा उभाच करून घेत नाही. हे तर २०१३ सालीच संपले."

मला हायसे वाटले. पण वकिलांचे एक असते, त्यांना थांबता येत नाही. पुढे म्हणाली, "आणि हे बघ, त्याला काही लिहून देऊ नकोस. 'बघते', 'देईन', 'थोडे कमी करा', यातले काही सहीनिशी लिहिलेस तर पंचाईत. मुदत संपलेले देणे 'मी देईन' असे लिहून सही केली, तर तो नवा करार होतो. करार कायद्याचे कलम २५."

"म्हणजे मुदत संपली तरी देणे असतेच का?" मी विचारले.

"देणे असते ना. मुदतीने दावा मरतो, कर्ज मरत नाही. तू आपणहून दिलेस तर ते फुकट दिले असे कायदा म्हणत नाही, देणे फेडले असेच म्हणतो." मग हसली. "आणि आपल्या गोव्यात तर अजून मजा होती. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता आपल्याकडे राहिली ना, तिच्यातली मुदत वीस-तीस वर्षांची. मुक्तीनंतर किती वर्षे इथली कोर्टे तीच लावायची की भारताची तीन वर्षांची, यावर भांडत होती. शेवटी २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशा करारांच्या दाव्यांना १९६३ चाच कायदा. नाहीतर तुझा शेट आज खुशाल कोर्टात गेला असता."

फोन ठेवल्यावर मी त्या तीन वर्षांकडे आणि वीस-तीस वर्षांकडे विचार करत बसले. जुन्या गोव्यात माणसे आफ्रिकेला, मुंबईला, बोटीवर जायची आणि पंधरा वर्षांनी परत यायची. त्यांच्या देण्याघेण्याला तीन वर्षे कशी पुरणार? अर्थात हा विचार मी फार लांबवला नाही. त्या क्षणी मला तीन वर्षे पुरेशी वाटत होती.

दसरा झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. कायदा पर्समध्ये घेऊन गेल्यासारखी गेले. मुलगा काउंटरवर होता. शेट काचेच्या दारामागे, आतल्या खोलीत खुर्चीवर बसलेले दिसत होते. त्यांना दिवसाचे काही तास तिथे आणून बसवतात. मी त्यांना नमस्कार केला. त्यांनी डावा हात उचलला.

"मूळ वही दाखव," मी मुलाला म्हटले. हे मात्र मला वकिलीणबाईंनी नव्हे, आईने शिकवलेले. बिलाशी भांडायचे नाही, वहीशी भांडायचे.

त्याने आढेवेढे घेतले नाहीत. कापडी पुठ्ठ्याची तीच वही, कडा खाऊन टाकलेल्या. त्याने पान काढून दिले. शेटांचे ते तिरपे, घाईचे अक्षर. आईचे नाव, मोडीचे वजन, केलेल्या डागिन्यांचे वजन, आणि खाली: 'बाकी तो ०॥ गुं ६'.

मी ते वाचले आणि मला हसूच आले. "हे अकरा ग्रॅम कसे झाले रे?"

"बाई, अर्धा तोळा म्हणजे पाच ग्रॅम. वयर स ग्रॅम. अकरा."

"ते ग्रॅम नाहीत, गुंजा आहेत!"

हिशेबाच्या मुलीने मान वर करून पाहिले. मुलाने वही उलटी धरून पाहिली, सरळ धरून पाहिली. शाई पसरलेली, 'गुं' चा उकार आणि अनुस्वार दोन्ही फिसकटलेले. ज्याला गुंज ठाऊक नाही त्याने ग्रॅम वाचले तर नवल नाही. मी त्याला तीन वर्षे मराठी शिकवले, पण गुंज शिकवल्याचे मला आठवत नाही. शिकवणार कुठून, पाठ्यपुस्तकात नव्हती. आणि शेटांना विचारून घ्यावे तर त्यांना बोलता येत नाही. ज्या माणसाच्या घरात चार पिढ्या गुंजेने सोने मोजले, त्याच्या मुलाला गुंज कळायला शिक्षिकेने येऊन भांडावे लागले.

मग मी तिथेच त्याला गणित घातले. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याच्या शहाण्णव गुंजा. गुंज म्हणजे ती तांबडी, डोक्याला काळा ठिपका असलेली बी. लहानपणी आम्ही कुंपणावरच्या वेलीच्या शेंगा फोडून त्या गोळा करायचो. वजनाला साधारण एक अष्टमांश ग्रॅम. सहा गुंजा म्हणजे पाऊण ग्रॅमसुद्धा नाही. सहा ग्रॅम आणि सहा गुंजा यांत आठ पटींचा फरक!

मुलाचा चेहरा उतरला. पण तोही शेटांचाच मुलगा. थोडा वेळ कॅल्क्युलेटर बडवून म्हणाला, "बाई, मग तोळोय जुनोच धरुंक जाय."

बरोबर होते त्याचे. आज दुकानात तोळा म्हटले की दहा ग्रॅम. पण गुंजांचा तोळा दहा ग्रॅमचा नव्हे, ११.६६४ ग्रॅमचा. गुंजा जुन्या धरायच्या आणि तोळा नवा धरायचा, असे आपल्या सोयीचे करता येत नाही. अर्धा तोळा ५.८३२ आणि सहा गुंजा ०.७२९. एकूण ६.५६१ ग्रॅम. अकरावरून साडेसहावर आले. जीएसटीचेही मी त्याला सांगितले. तो कर १ जुलै २०१७ पासूनचा, २०१० साली दिलेल्या सोन्यावर आता कसा लावतोस? त्याने ती ओळ लगेच खोडली. ते सगळे बिल, म्हणाला, कॉम्प्युटर आपोआप करतो.

इथे थांबले असते तर बरे झाले असते. मी जिंकले होते. पण जिंकलेल्या माणसाची जीभ मोकाट सुटते. "आणि हे साडेसहासुद्धा कायद्याने द्यायचे नाहीत मला," मी म्हणाले. "मुदत कधीच संपली. तेरा वर्षे कुठे होता? आईने दिले नसेल कशावरून? तुमच्या वहीत खोडायचे राहिले असेल." आणि वर, सोनार आपल्या आईच्या डागिन्यातली गुंजही सोडत नाही म्हणतात, तशातली एक म्हण मी त्याच्या तोंडावर टाकली. ती म्हण मी इथे लिहीत नाही. तुम्हाला ठाऊक असेलच. आपल्याकडे प्रत्येक धंद्याच्या माणसाला अपमान करायला एक म्हण तयार ठेवलेली असते, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या वापरून इतकी गुळगुळीत झालेली असते की उच्चारताना आपण काही वाईट बोललो असे वाटतही नाही.

मुलगा काही बोलला नाही. आतून मात्र आवाज आला. शब्द नव्हता तो. शेट खुर्चीतून अर्धे उठायला बघत होते आणि डावा हात काचेवर आपटत होते. मुलगा धावत आत गेला. मी बाहेर पडले.

घरी आल्यावर मला भात गेला नाही. 'आईने दिले नसेल कशावरून' हे मी भांडणाच्या भरात म्हटले होते, पण ते खरे करून दाखवणे आता मला भाग होते. आईच्या वह्या माळ्यावर एका पत्र्याच्या पेटीत होत्या. आई २०१६ साली गेली. तेव्हापासून पेटी उघडली नव्हती. त्या रात्री आम्ही दोघांनी ती खाली काढली. झुरळांच्या गोळ्यांचा वास, जुने पंचांग, दूधवाल्याच्या पावत्या, आणि शाळेच्या शंभर पानी वह्यांत वर्षावर्षाचा हिशेब.

२०१० ची वही सापडली. डिसेंबराच्या पानावर आईच्या गोल अक्षरात: 'शेटांची घडणावळ दिली ९,५००. सोने ०॥ तो. ६ गुं. देणे राहिले.'

राहिले. दोन वह्या, दोन हात, आकडा तोच. मी पुढची पाने चाळत गेले. २०११, २०१२, दर चवथीला एक ओळ: 'शेटांचे राहिले.' त्या वर्षांत बाबांचे आजारपण चालले होते. आणि मग २०१४: 'शेट बरे नाहीत. पुरचुंडी वेगळी करून देव्हाऱ्याच्या खणात ठेवली आहे.'

हे वाचून मी वही मिटली आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. कारण ती पुरचुंडी मला ठाऊक होती.

शेवटच्या दोन वर्षांत आई मधूनच म्हणायची, "शेटाचें दिवंक जाय गो." आम्ही म्हणायचो, हो आई, देऊ. ती दूधवाल्याचेही द्यायला हवे म्हणायची, जो दूधवाला मरून वीस वर्षे झाली होती. तिच्या बोलण्यातले खरे कुठले आणि विसरलेले कुठले, हे निवडायला मला वेळ नव्हता. ती गेल्यावर देव्हारा आवरताना तांबड्या फडक्यात बांधलेली एक पुरचुंडी सापडली होती. एका बाजूची कुडी, मोती निघालेली. एक चेपलेली अंगठी. साखळीचे दोन तुकडे. म्हातारीने जपलेली मोड, असे म्हणून मी ती ठेवली आणि २०१८ साली नातीच्या पहिल्या वाढदिवसाला पणजीच्या एका मोठ्या दुकानात नेऊन तिची साखळी करून आणली. नातीला पणजीची आठवण, असे म्हणून सगळ्यांना कौतुकाने दाखवलीही.

त्या मोठ्या दुकानाचे पक्के बिल माझ्या फायलीत होते. काढून बघितले. जुने सोने, ६.७०० ग्रॅम.

द्यायचे होते ६.५६१. वितळवताना थोडी घट जाईल, तेवढे धरून आईने जास्त ठेवले होते. कोणत्या तराजूवर मोजले कुणास ठाऊक.

मुलीला बंगळूरला फोन केला. तिने सगळे ऐकून घेतले आणि एकदम हिशेबावर आली. तिची पिढी रडण्याआधी कॅल्क्युलेटर काढते, हे बरे की वाईट ते मला कळत नाही. "ठीक आहे, द्यायचे तर देऊ. पण २०१० च्या भावाने. बारा-सव्वा बारा हजार होतात. आजच्या भावाने सदतीस हजार कशाला? उशीर त्यांनी केला, भाव वाढल्याचा फायदा त्यांना का?"

युक्तिवाद चुकीचा नव्हता. रात्रभर मी त्याच्यावर विचार केला. बाकी पैशांत असती तर मुलीचेच खरे. व्याजासकट फार तर. पण दोन्ही वह्यांत रुपये कुठेच नव्हते. घडणावळ रुपयांत होती, ती दिली गेली. राहिले होते ते सोने. मी उलटे करून पाहिले. शेटांकडे आईचे साडेसहा ग्रॅम सोने राहिले असते आणि आज त्यांचा मुलगा मला बारा हजार रुपये देऊ लागला असता, तर मी घेतले असते? दुकान डोक्यावर घेतले असते.

उशिराचे म्हणाल तर शेटांना २०१३ नंतर मागता येत नव्हते. त्याआधीची तीन वर्षे त्यांनी मागितले नाही, कारण मागायची रीत नव्हती. आणि आमच्या घरातून नेऊन द्यायची जी रीत होती ती माझ्यापाशी येऊन थांबली.

पुढच्या सोमवारी पुन्हा गेले. या वेळी आईची वही घेऊन, आणि माझ्या कपाटातली एक अंगठी, तिच्याबरोबर तुटलेल्या साखळीचा तुकडा. वकील मैत्रिणीला सांगितले नाही. मुलाने मला पाहिले तेव्हा तो उभा राहिला, पण 'बसा बाई' म्हणाला नाही. ते मला चालण्यासारखे होते. मी आईची वही उघडून काउंटरवर ठेवली. त्याने वाचली. दोन्ही वह्या शेजारी ठेवून तो बराच वेळ बघत राहिला.

"त्या दिसा हांव चुकीचें उलयलें," मी म्हटले. शाळेत असताना मी त्याच्याशी कधी कोंकणीत बोलले नव्हते.

"चूक म्हजीय आशिल्ली," तो म्हणाला. "बापायक विचारूंक जाय आशिल्लें. तांकां वही दाखयली आसती जाल्यार तांणी बोटांनी सांगलें आसतें."

मग माझी अंगठी आणि तुकडा त्याने मशीनमध्ये घातला. ते मशीन मिनिटभरात शुद्धता सांगते. पूर्वी शेट काळ्या कसोटीच्या दगडावर रेघ ओढून, वर आम्लाचा थेंब टाकून सांगायचे. मशीनने ८७ टक्के दाखवले. ती अंगठी मी तीस वर्षे बावीस कॅरेटची म्हणून मिरवत होते. बावीस कॅरेट म्हणजे ९१.६, ज्याचा ९१६ असा शिक्का हल्ली दागिन्यावर असतो. आता तर १ एप्रिल २०२३ पासून नव्या दागिन्याला सहा अक्षर-आकड्यांचा वेगळा क्रमांकही लागतो. माझ्या अंगठीच्या वेळी यातले काही नव्हते. शेट सांगतील ते कॅरेट. आणि ती अंगठी शेटांकडची नव्हती, हेही इथे सांगायला हवे. ती लग्नात सासरकडून आलेली. हे शेजारीच उभे होते, ते छताकडे बघू लागले.

वजन भरले ७.४२. शुद्धतेच्या हिशेबाने बावीस कॅरेटचे सात ग्रॅम आणि वर थोडे. म्हणजे मीच जवळजवळ चार गुंजा जास्त देत होते. मुलगा म्हणाला, वरचे पैसे परत देतो. मी नको म्हणणार होते. तोंडापर्यंत आले होते, त्या दिवशीच्या बोलण्याची भरपाई म्हणून. पण तेवढ्यात आतून शेटांनी काचेवर टकटक केले.

आम्ही आत गेलो. मुलाने दोन्ही वह्या त्यांच्या मांडीवर ठेवल्या. त्यांनी आईचे अक्षर ओळखले असावे, कारण त्यांनी त्या ओळीवर बोट फिरवले आणि माझ्याकडे पाहिले. मग खुर्चीशेजारच्या कपाटाकडे खूण केली. मुलाने लाकडी पेटी काढली, जुना हातकाटा, पितळी पारडी, दोरे काळे पडलेले. आणि एक काड्यापेटी. तिच्यात गुंजा होत्या. तांबड्या, अजून चकचकीत. मुलगा म्हणाला, "हें म्हाका खबरच ना आशिल्लें."

काटा शेटांना एका हाताने धरता येईना. मुलाने धरला. शेटांनी डाव्या हाताने एक एक गुंज मोजून पारड्यात टाकली, सहा. मग वर माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या, बरोबर ना? शिक्षक पाढा म्हणून घेतात तसे. मी मान हलवली. सगळे सोने काही त्यांनी त्या काट्यावर तोलले नाही. तेवढी ताकद नव्हती. बाकीचे मशीनवरच झाले.

वरच्या सोन्याचे दोन हजार सातशे रुपये मुलाने मोजून दिले. मी घेतले. नको म्हटले असते तर शेटांना ते आवडले नसते, एवढे मला त्यांच्याकडे बघून कळले. मुलाने शेटांच्या हातात पेन दिले आणि त्यांनी आपल्या वहीतल्या त्या ओळीवर डाव्या हाताने एक रेघ मारली. रेघ ओळीवरून घसरली, खालच्या कुणाच्या तरी बाकीवर गेली. मुलगा म्हणाला, ती मी नीट करीन.

पावती मागितली तेव्हा मात्र घोटाळा झाला. कॉम्प्युटरला गुंज कळेना. हिशेबाच्या मुलीने 'तोळा' टाकून पाहिले, तेही घेईना. शेवटी तिने '६.५६ ग्रॅम जुने सोने जमा, २०१० ची बाकी पूर्ण' असे छापले, आणि मुलाने खाली पेनने 'तो ०॥ गुं ६' असे लिहिले. ०॥ कसे काढायचे ते मला विचारून घेतले. ती पावती मी आईच्या २०१० च्या वहीत ठेवली आहे.

मुलीला सांगितले तेव्हा ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सदतीस हजारांचे सोने दिलेस, आई." पुढे २०२५ साली सोने दहा ग्रॅमला लाखाच्या वर गेले तेव्हा तिचा पुन्हा फोन आला. "तेव्हाच दिलेस ते बरे केलेस," असे म्हणाली, पण तिचा सूर मला अजून उमगलेला नाही.

नातीची ती साखळी, पुरचुंडीतली, मागच्या मे महिन्यात ती इथे आलेली असताना कडीजवळ तुटली. मी ती शेटांकडेच पाठवली. मुलाने टाका मारून दिला, दीडशे रुपये घेतले, आणि बिल तिथल्या तिथे हातात ठेवले.